सर्वांना सप्रेम

वर्ध्यात बजाज चौकापासून थोडं आत भाऊंचं हळदीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या हातावर सुटे पैसे पडायच्या आधी त्याच्यापुढे वही सरकते. "मेल आयडी टाकून द्या जी. काही नाही, असाच." हा 'असाच' महाग पडतो. त्या दिवसापासून पोळा, तान्हा पोळा, दसरा, नवा माल आणि नातवाचा दहावीचा निकाल, सगळं घरपोच.

पत्ते गोळा करायला भाऊंना जागेचं वावडं नाही. लग्नाच्या पंगतीत, सेवाग्रामच्या बसमध्ये, कोणाच्या तेरवीला. सगळे एका एक्सेल फाईलमध्ये जातात, तिचं नाव 'सगळे फायनल नवीन २'. त्यात काही वारलेले लोकही आहेत. "काढायला हात होत नाही जी," म्हणतात.

मेलचा विषय ठरलेला : 'अत्यंत महत्त्वाचे'. पहिला परिच्छेदही ठरलेला. वायगाव दोन आहेत, निपाणी वेगळं आणि हळद्या वेगळं. आपला माल समुद्रपूर तालुक्यातल्या हळद्याचा, २०१६ साली जीआय मिळालेला. मग शुभेच्छा, त्याही 'हार्दीक'. मग सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यातल्या नंदीचा फोटो, इतका जड की उघडेपर्यंत चहा होतो.

आणि हे सगळं ज्या जीमेलवरून नागपूरच्या पार्टीला कोटेशन जातं, सीएला बिलं जातात, त्याच खात्यावरून. सगळे पत्ते 'टू'च्या रकान्यात. भाच्यानं एकदा बीसीसी दाखवलं, तर भाऊ दुखावले. "लपवायले काय चोरीचा माल हाय का? लोकायले दिसू दे ना, आपली ओळख किती हाय ते."

ओळख दिसली. एका निवृत्त गुरुजींनी 'हार्दीक' चुकीचं असल्याचं सगळ्यांना कळवलं. एकानं 'माझं नाव काढा' लिहिलं, तेही सगळ्यांना. पाठोपाठ वीसेक जणांनी 'माझंही'. कोणीतरी त्यातच मुलाचा बायोडेटा पाठवला. (त्यावरून एक सोयरीक जमली असं भाऊ सांगतात. मुलगी कोणाची, ते सांगत नाहीत.) हिंगणघाटकडच्या एका व्यापाऱ्यानं मात्र अक्षरही न लिहिता सगळे पत्ते उचलले आणि आठवड्याभरात त्याच लोकांना स्वतःचे भाव पाठवले. किलोमागे दहा रुपये कमी. भाऊंनी वर्षानुवर्षं जमवलेली गिऱ्हाइकं त्याला एका क्लिकमध्ये मिळाली.

तरी भाऊ हलले नाहीत. हलले ते दसऱ्याला. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं. त्यापलीकडे गेलं की पाठवणं एक ते चोवीस तास बंद. भाऊंनी सकाळीच सीमोल्लंघन केलं. दुपारी पुण्याच्या पार्टीनं तातडीनं भाव मागितले, तर मेल जाईना. दुसऱ्या दिवशी गेला आणि तिकडे थेट स्पॅममध्ये पडला. एवढे दिवस लोक तोंडावर 'छान होता मेल' म्हणत होते आणि घरी जाऊन स्पॅमचं बटण दाबत होते, हे भाऊंच्या तोपर्यंत गावीही नव्हतं.

भाच्यानं मग बसवून समजावलं. सुरुवात १९७८पासून : अमेरिकेत एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्यानं एकदम चारेकशे लोकांना जाहिरातीचा मेल टाकला आणि शिव्या खाल्ल्या.

"माल खपला का त्याचा?"

"खपला, असं तो सांगतो."

"मंग!"

भाच्यानं कपाळावर हात मारला आणि २०२४वर आला. त्या वर्षी फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं ठोक मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. हजारात तीन तक्रारी म्हणजे धोका. एका टिचकीत नाव काढायची सोय हवी. स्वतःचं डोमेन हवं, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. भाऊंचे डोळे मिटायला लागले तसा तो म्हणाला, "मामाजी, हा मेलचा सातबारा समजा. पाठवणारा खरा मालक हाय का, ते समोरचा त्याच्यावरून पाह्यते."

भाऊ ताडकन उठून बसले. "मंग असं सांग ना बे पहिलेच!"

आता भाऊंचं डोमेन आहे, ठोक मेलसाठी वेगळी सेवा आहे, आणि जीमेल फक्त कोटेशनला. प्रत्येक मेलखाली बारीक अक्षरात 'यादीतून नाव काढा' असतं. पण त्या सेवेत नाव कोणी काढलं तेही दिसतं, हे भाच्यानं दाखवायला नको होतं. परवा आमच्या कॉलनीतल्या एका प्राचार्यांनी तिथे टिचकी मारली. संध्याकाळच्या आत फोन. "काहून जी सर, काही चुकलं का आमचं?" सर गडबडले, नाही नाही म्हणाले.

"मंग चुकून दाबल्या गेलं असन. टाकून देतो परत."