जॉनर ठरला की कळवतो

भिलाईच्या वैशाली नगरात राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला आणि कॉलेजच्या महोत्सवासाठी म्युझिक व्हिडिओ 'करत असलेला' मुलगा ओळखायला सोपा. तो व्हिडिओ करत नसतो, व्हिडिओचं प्लॅनिंग करत असतो. आजोबा विदर्भातून भिलाईच्या कारखान्यात नोकरीला आले, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये संसार केला आणि निवृत्त झाल्यावर इथे घर बांधलं. त्या घराच्या गच्चीवर आता नातवाचं 'प्रॉडक्शन हाऊस' चालतं. घरात मराठी, गल्लीत हिंदी, गाण्यात चवीपुरती छत्तीसगढी आणि स्टोरीबोर्डवर इंग्रजी, असा त्याचा कारभार. मित्र त्याला 'डायरेक्टर साब' म्हणतात. हातात ड्रॉइंगची जुनी वही. तिच्या मागच्या पानांवर चौकटी, चौकटींत काड्यांची माणसं आणि सगळ्यात वर 'जॉनर' लिहून पुढे खोडाखोड. ज्या काडीला केस काढलेत तो नायक, हे सांगावं लागतं.

ही खोडाखोड नीट वाचली तर कळतं, की जॉनर त्याला सुचत नाही, परिस्थिती ठरवते. सुरुवात होते 'सॅड रोमँटिक'ने. त्याला नायिका लागते. वर्गातल्या मुली 'घरी विचारून सांगते' म्हणतात, आणि घरचे काय म्हणणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. मग थ्रिलर येतो, कारण हुडी घातलेला एक मुलगा अंधारात पळाला की थ्रिलरचं भागतं आणि अंधाराला भाडं पडत नाही. रात्री मोबाइलवर शूट केलं की पडद्यावर मुंग्या दिसतात. तेव्हा थ्रिलरचा हॉरर होतो, कारण हॉररला मुंग्या शोभतात. एवढ्यात कुणाच्या तरी मावसभावाकडे ड्रोन असल्याची बातमी येते आणि हॉरर एका रात्रीत ट्रॅव्हल होतो. गाणं मात्र पहिल्यापासून तेच. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण नावं ठेवण्यासारखं काही नाही. हाताशी जे असेल त्यातून शैली घडावी, ही चांगलीच रीत आहे. 'ओके गो' या अमेरिकन बँडने 2006 साली आठ ट्रेडमिल मांडल्या, त्यांवर एका सलग शॉटमध्ये नाच केला आणि 'हिअर इट गोज अगेन' जगभर पाहिला गेला. फरक इतकाच, की त्यांनी ट्रेडमिल मिळाल्यावर ट्रेडमिलचाच व्हिडिओ केला. आपल्या साहेबांना ड्रोन मिळाला, की नायिकेच्या वडिलांचा भूतकाळही वरूनच दाखवायचा असतो.

कारण त्याचं खरं दुखणं जॉनर नाही, कथा आहे. गाणं चार मिनिटांचं, म्हणजे 240 सेकंदांचं. पहिलं मिनिट नावांना जातं. त्यात संकल्पना, दिग्दर्शन आणि संकलन असं त्याचं स्वतःचं नाव तीनदा येतं. उरले 180 सेकंद, आणि वहीत प्रसंग अठरा. दर प्रसंगाच्या वाट्याला दहा सेकंद. पहिल्या दहात मुलगी आजारी पडते, पुढच्या दहात जाते, त्यापुढे 'पाँच साल बाद' अशी पाटी येते आणि प्रेक्षकाची पाटी वाचून व्हायच्या आत नायकाला दाढी आलेली असते.

वेळ कमी पडतो, हा झाला वरवरचा मुद्दा. मुळात कथेची आणि गाण्याची चालच वेगळी. कथा पुढे जाते, गाणं दर अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर परत येतं. वहीत नेमकं हेच राहून जातं. त्यामुळे नायिका पहिल्या अंतऱ्यात वारते आणि गाणारा दुसऱ्या अंतऱ्यानंतरही तिला, संध्याकाळी येतेस ना, म्हणून विचारतच असतो. यावर साहेबांचा उतारा म्हणजे फ्लॅशबॅक. खरं तर ध्रुवपद येईल तसं येऊ द्यावं आणि त्याच्यासोबत दिसणारी एकच गोष्ट दर वेळी बदलावी. पहिल्या वेळी कॉलेजच्या स्टँडवर शेजारी शेजारी दोन सायकली, दुसऱ्या वेळी एक, तिसऱ्या वेळी रिकामा स्टँड. एवढ्यात विरह होतो आणि कुणाला घरी विचारावंही लागत नाही.

यावर त्याच्या हरकती तयार असतात. हिंदी सिनेमात एका गाण्यात पोरगा लहानाचा मोठा होतो, ते कसं चालतं? चालतं, कारण त्या गाण्याच्या अलीकडे-पलीकडे अडीच तासांचा सिनेमा उभा असतो. पोरगा कोण, कुणाचा, हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. दुसरी हरकत मायकल जॅक्सनची: 'थ्रिलर'मध्ये कथा आहेच की! आहे, पण 1983 साली ती मांडायला जॉन लँडिस हा चित्रपटांचा दिग्दर्शक बोलवावा लागला आणि सहाएक मिनिटांच्या गाण्याचा जवळजवळ चौदा मिनिटांचा लघुपट करावा लागला. म्हणजे हा पुरावा आपल्याच बाजूचा. तिसरी हरकत हुकमी: दिग्दर्शक अनुराग बासूही भिलाईचेच. खरं आहे, त्यांचा जन्म इथलाच. पण जन्मगावाचा दाखला पटकथेला जोडून भागत नाही.

दाखलाच हवा तर भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंचा घ्यावा. 2019 साली पद्मविभूषण मिळालेल्या या पंडवानी गायिकेपुढे कथा होती ती अख्ख्या महाभारताची. कुणाच्या वहीत याहून मोठी असणार नाही. साधन हातातला तंबुरा. तोच घटकेत भीमाची गदा, घटकेत अर्जुनाचं धनुष्य. शेजारचा साथीदार, म्हणजे रागी, हुंकार भरतो, प्रश्न विचारतो आणि कथेला पुढे रेटतो. एका बैठकीला घ्यायचा तो एखादाच प्रसंग, दुःशासनवधासारखा. ही प्रतिभा आहे, ती पोरांनी कुठून आणायची, असं कुणी म्हणेल. प्रतिभा आणता येत नाही, हे कबूल. पण एका वस्तूवर भागवायची काटकसर उचलायला काय हरकत आहे?

एवढं ऐकवूनही या मुलाला रिकामटेकडा ठरवणं अन्यायाचं होईल. शूटिंगला पैसे पडतात, कथा फुकट येते. तेव्हा साठा कथेचाच होणार. शिवाय रविवारी सकाळी सहाला, एक पैसा न देता, आठ पोरांना गच्चीवर हजर करणं हे भल्याभल्या व्यवस्थापकांना जमत नाही, ते याला जमतं. म्हणून मोठ्यांनी त्याला उपदेश न करता एकच प्रश्न विचारावा: ध्रुवपद तिसऱ्यांदा येईल तेव्हा काय दिसेल? उत्तर एका वाक्यात आलं, तर आपल्याही गच्चीची किल्ली काढून द्यावी आणि वर चहाही पाठवावा. उत्तराची सुरुवात 'काका, त्याच्याआधी एक फ्लॅशबॅक आहे' अशी झाली, तर किल्ली खिशातच ठेवावी. जॉनर अजून बदलायचा आहे.