दिवाण-ए-खास

चाणक्याच्या नावावर चालत आलेल्या एका सुभाषितात अपत्यसंगोपनाचे वेळापत्रकच दिले आहे: पहिली पाच वर्षे लाड, पुढली दहा वर्षे धाक, आणि सोळावे लागले की मित्रत्व. यात तेराव्या वर्षाची स्वतंत्र तरतूद नाही, यावरून सुभाषितकाराच्या घरी त्या वयाचे कोणी नसावे, किंवा असलेच तर त्याने आचार्यांना आपल्या खोलीत पाऊल टाकू दिले नसावे, असा तर्क करावा लागतो. राजधानीने मात्र परदेशी वकिलातींच्या वसाहतीला चाणक्यपुरी हे नाव देऊन आचार्यांचा योग्य तो गौरव केला आहे. आणि द्वारकेतील आमच्या सदनिकेत कन्येच्या बंद दारापुढे उभा राहिलो की या नामकरणामागील दूरदृष्टी मला पटते, कारण अपत्य तेरा वर्षांचे झाले की घरातले संबंध कौटुंबिक न राहता परराष्ट्रीय होतात.

दिल्लीत ही चाकरी मराठी माणसाला नवी नाही. अठराव्या शतकात हिंगणे घराण्याने येथे पेशव्यांची वकिली केली. दरबारात कोणाची मर्जी फिरली, कोण कोणावर रुसला, याची साद्यंत खबर पुण्यास रवाना करणे हा त्या वकिलीचा मोठा भाग होता. आमच्या घरी हे खाते पत्नीकडे आहे. "तिचं आणि वरच्या मजल्यावरचीचं बिनसलंय, तू काही विचारू नकोस," एवढाच मजकूर मला रात्री ओटा आवरताना कळवला जातो. वरच्या मजल्यावरची म्हणजे बालवाडीपासूनची जिवलग मैत्रीण. शाळेच्या बसमध्ये दोघींची जागा एक, डबा एक, आणि गृहपाठातल्या चुकासुद्धा एकच. सातवीत तुकड्या बदलल्या, कन्येला नवा गोतावळा मिळाला, त्या गोतावळ्याचा व्हॉट्सॲप गट स्थापन झाला आणि त्यात जुन्या मैत्रिणीचे नाव आले नाही. भांडण असे झालेच नाही. आणि जिथे युद्ध नाही तिथे तह तरी कशाचा करावा? उभयतांच्या आयांचा घरोबा मात्र अबाधित असल्याने इकडच्या पुरणपोळ्या वर आणि वरचे छोले खाली पोहोचवण्याची कामगिरी याच दोघींकडे येते, आणि दारात उभ्या राहून त्या "आंटींना थँक्यू सांग" असे ज्या थंड अदबीने म्हणतात ती पाहून चाणक्यपुरीतील मुरब्बी राजदूतांनीही धडे घ्यावेत.

या घडामोडींत बापाची मनसब किती घटली, हे सांगण्याजोगे नाही. पूर्वी मेट्रोत माझ्या मांडीवर बसून स्थानकांची नावे मोठ्याने म्हणणारी ही मुलगी आता गाडी फलाटाला लागताच महिलांच्या पहिल्या डब्याकडे चालू लागते. २०१० पासून तो डबा राखीव असल्याने कायदाही तिच्याच बाजूने आहे. मी दुसऱ्या डब्यात दांड्याला लटकून, आपण एकाच कुटुंबाचे घटक आहोत याचा पुरावा काय, याचा विचार करीत करोल बाग गाठतो. गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर आपणहून नाचणारी हीच मुलगी आता शेवटच्या रांगेत बसते आणि मी आरतीत सूर लावला की शेजारच्या अनोळखी गृहस्थांकडे अशा काही आत्मीयतेने सरकते, की मंडळींना तेच तिचे वडील वाटावेत.

या वयाला वादळ ठरवण्याचे श्रेय बव्हंशी स्टॅन्ली हॉल या अमेरिकन पंडिताचे. १९०४ साली त्याने पौगंडावस्थेवर दोन जाडजूड खंड लिहिले. परंतु मला धीर दिला तो रीड लार्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीने. शिकागोच्या उपनगरांतली मुले दहाव्या वर्षी जागेपणीचा ३५ टक्के वेळ कुटुंबात घालवत, अठराव्या वर्षी अवघा १४ टक्के. आणि ही घट घरच्या कटकटींमुळे नव्हे, तर मुख्यतः बाहेरच्या ओढीने झाली होती. आईशी किंवा बापाशी एकट्याने घालवलेला वेळ मात्र जवळजवळ कायम राहिला. लाल किल्ल्याच्या भाषेत सांगायचे तर दिवाण-ए-आम बरखास्त होतो. दिवाण-ए-खास चालू राहतो, फक्त त्याची वेळ आणि जागा बादशहा ठरवतो.

आमचा दिवाण-ए-खास धौला कुआँच्या वाहतूककोंडीत भरतो. मंडी हाऊसच्या नृत्यवर्गाला तिला मोटारीने सोडण्याचे काम माझे. दोघांचीही नजर पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर, त्यामुळे डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती नाही, आणि दार उघडून निघून जाण्याची सोयही नाही. परवा कानातली बोंडके काढून तिने एकाएकी विचारले, "बाबा, आपण कुणाशी बोलायचं बंद केलं, की त्यांना कळतं का, का बंद केलं ते?"

"बहुधा नाही कळत," मी सावधपणे म्हणालो.

"आपल्यालाच नीट माहीत नसेल तर?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोच पुढची रांग हलली, बोंडके पुन्हा कानात गेली, आणि "आईला सांगू नकोस" या फर्मानाने दरबार बरखास्त झाला. घरी वकीलसाहेबांनी "काय म्हणाली?" अशी विचारणा केली, तेव्हा "ट्रॅफिक फार होतं" एवढाच जबाब मी रुजू केला.

त्या चौकातली कोंडी कायमची फोडण्याच्या योजना अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि आमच्या सोसायटीचे सभासद त्यासाठी तक्रारअर्जांवर सह्या गोळा करीत दारोदार फिरतात. मी त्यांना अदबीने आत बोलावतो, चहा पाजतो, आणि सही मात्र करीत नाही.