पारोची चोखणी

म्हाताऱ्यांच्या विस्मरणावर लालबागच्या टॉवरातल्या चिरंजीवांना आता जपानी उतारा सापडला आहे. नाव पारो. सीलचं पांढरंशुभ्र यंत्रपिल्लू. कुरवाळलं की मान वळवतं, डोळे मिटतं, लाडात ओरडतं. अमेरिकेत 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला. किंमत सहा हजार डॉलरच्या आसपास. कुत्रा-मांजर सोडून सीलच का? तर खरं सील कुणी जवळून पाहिलेलं नसतं, त्यामुळे नकली म्हणून नाक मुरडता येत नाही. लालबागला तर प्रश्नच नाही. इथल्या मासळीबाजारातही ते कधी आलेलं नाही.

मला मात्र भावला तो त्याचा चार्जर. तो चक्क बाळाच्या चोखणीसारखा आहे. बॅटरी उतरली की चोखणी तोंडात द्यायची आणि पिल्लाला पडू द्यायचं.

मग बघा घराला कशी शिस्त लागते! ‘हळू बोला, पारो चार्ज होतेय.’ तेवढ्यात आजोबा सदरा चढवून दारात. ‘भोंगा झाला, डबा कुठाय?’ त्यांची गिरणी 1982च्या संपानंतर उघडलीच नाही, हे कोण सांगणार? पारोच्या तोंडात चोखणी. मग धावतात आजोबांना सांभाळायला ठेवलेल्या ब्युरोच्या मावशी. ‘आज तुमची दुपारपाळी, बसा, चहा घ्या,’ अशी थाप मारून सदऱ्याची बटणं सोडवतात. पाच मिनिटांनी पुन्हा भोंगा, पुन्हा दुपारपाळी. बारा तासांच्या ड्युटीत हे किती वेळा, ते मोजायला मावशींना सवड नाही. आणि रविवारची सुट्टी मागितली की चिरंजीव म्हणणार, ‘मावशी, मग आमचं कसं व्हायचं?’

अहो, यंत्राला विश्रांती लागते हे तुम्हाला पटतं, कारण ते माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. बाईची पुस्तिका कुणी छापायची? यंत्राच्या देखभालीच्या करारावर डोळे मिटून सही. मावशींचे पाचशे वाढवायचे तर घरात गोलमेज परिषद. देशात साठीपुढच्या 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा 2023चा अंदाज आहे. त्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र वॉर्डावॉर्डात काढा म्हटलं, की जागा नसते. गिरण्यांच्या जमिनीवर मॉलला होती, मोटारी उभ्या करायला मजलेच्या मजले होते. आयुष्यभर तिथे साचे चालवलेल्या म्हाताऱ्याची खुर्ची तेवढी कुठे मावत नाही!

पारो जरूर आणा. अट एकच. ती चार्जिंगला असेल तेवढा वेळ मावशींना भरपगारी सुट्टी, आणि आजोबांपाशी चिरंजीवांनी बसायचं. मोबाइल बाहेर ठेवून.