आग्रह न मानणारा पाहुणा

कोल्हापूरच्या शाहूपुरीत पानावर बसलेल्याचं ‘नको’ हे उत्तर नसतं, पातेलं पुढं सरकवण्याची खूण असते. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी ही पेठ वसवली, गुळाच्या व्यापारानं ती नावारूपाला आली; तेव्हापासून इथं गोडवासुद्धा ढेपेच्या मापानंच देतात. अशा गावात अजगराला जेवू घालायचं म्हणजे संस्कारांचीच परीक्षा. देशी अजगर पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. उरतो रीतसर नोंदणी केलेला परदेशी, आणि त्याच्या पंक्तीचे नियम पाहिले तर कोल्हापूरकराचा जीव कासावीस होईल. भक्ष्य त्याच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून मोठं नको. जिवंत उंदीर नको, तो उलटून चावतो; मेलेला, कोमट केलेला, लांब चिमट्यानं पुढं करायचा. हाताला उंदराचा वास राहिला तर हातच घास ठरतो, कारण ओठांवरच्या खळग्यांतून अजगराला ऊब कळते, यजमान कळत नाही. मोठा अजगर असेल तर वाढणाऱ्याजवळ दुसरा माणूस हवाच. आमच्याकडंही वाढायला दोघं असतात, पण ती पाहुणा उठू नये म्हणून.

जेवण झालं की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. तेवढ्यात म्यानमारच्या अजगराचं हृदय ४० टक्क्यांपर्यंत वाढतं म्हणे. वाढलेलं इतकं काळजाला लावून घेणारा पाहुणा माझ्या आत्याला जन्मात भेटला नाही. ती वाटीवर धरलेल्या हाताच्या बोटांमधूनही पांढरा रस्सा वाढायची, आणि त्याच मायेनं नागपंचमीला गारुड्याच्या नागापुढं दूध ठेवायची. साप दूध पचवू शकत नाही. मुद्दाम तहानलेला ठेवला की नाइलाजानं पितो. याच जिल्ह्यात, ढोलगरवाडीच्या शाळेत बाबुराव टक्केकर सरांनी पोरांना साप समजावून दिला. पण मायेला शाळेत कोण घालणार?

कात टाकायच्या सुमारास डोळे धुरकट झाले की अजगर तोंड फिरवतो. तेव्हा थांबायचं, एवढंच. दुसऱ्याची भूक त्याच्याचकडं राहू देणं हे वाढण्याहून अवघड काम.

आता आत्या थकलीय. चतकोर भाकरीवर उठते, आणि उभं घर तिच्यामागं आमटीची वाटी घेऊन फिरतं. मी मात्र एकदा विचारतो आणि गप्प बसतो. “नको म्हटलेलं तुला एकट्यालाच कळतं रे,” ती परवा म्हणाली. ही विद्या कुणाकडून घेतली, हे तिला सांगायचं धाडस काही होत नाही.