थेंब एकीकडे, भोक दुसरीकडे

पहिला थेंब माझ्या डाव्या भुवईवर पडला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. दुसरा नेमका त्याच जागी पडला. तिसऱ्याची मी वाट पाहिली, तर तोही ठरल्या वेळी हजर. इंग्रज वक्तशीर असतात हे लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्यांची गळतीही वक्तशीर असेल असं वाटलं नव्हतं.

"अहो, घोरणं का थांबलं?" हिने विचारलं.

"गळतंय."

"कुठे?"

"माझ्यावर."

"मग ठीक आहे," म्हणून ही कूस बदलून झोपली. मी शंकराच्या पिंडीसारखा अभिषेक घेत सकाळपर्यंत पडून राहिलो.

मुलगा मँचेस्टरला असतो. आठ महिन्यांपूर्वी त्याने एक जुनं मोटरहोम घेतलं होतं आणि आम्ही उन्हाळ्यात आलो की त्यातून फिरायचं, असं ठरवून ठेवलं होतं. मोटरहोम म्हणजे साडेसहा मीटर लांबीचा, चाकांवरचा वन बीएचके. पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सगळं आत; फक्त एकाने उभं राहायचं ठरवलं की बाकी तिघांनी बसायचं. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या माळ्यावर एक पलंग असतो, त्याला तिकडे 'ल्यूटन' म्हणतात. ल्यूटन गावी बनणाऱ्या बेडफर्ड व्हॅनला असा माळा असे, त्यावरून. तिथे मुलगा आणि सूनबाई, मागच्या पलंगावर आम्ही.

गळतीच्या बाबतीत मी अगदीच नवखा नव्हे. बालपण कोकणात गेलं. मृग लागायच्या आत घर शाकारून घ्यायचं, फुटकी कौलं बदलायची, आणि तरीही गळलंच तर खाली पातेलं ठेवायचं, हे शास्त्र अंगात मुरलेलं. शिवाय पुण्यात आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्यांशी माझा गेली चार वर्षं गळतीवरून पत्रव्यवहार चालू आहे. हॉलच्या कोपऱ्यातला डाग त्यांच्या मोरीमुळेच पडलाय, हे मी एकूण ४६ पत्रांत सिद्ध केलं आहे. तेव्हा, "सकाळी उजाडू दे, दहा मिनिटांत भोक शोधून देतो," असं मी अंधारातच जाहीर केलं.

"बाबा, आठ महिन्यांत एक थेंब गळला नाही हो," माळ्यावरून मुलाचा आवाज आला. गाडीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाल्यासारखा.

सकाळी उजाडलं असं घड्याळ म्हणालं. बाहेर तसा काही पुरावा नव्हता. आमचा मुक्काम लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात होता. या खोऱ्याच्या टोकाला सीथवेट नावाची चार घरांची वाडी आहे आणि इंग्लंडमधलं सर्वांत पावसाळी वस्तीचं ठिकाण अशी तिची ख्याती आहे. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. गळकं छप्पर घेऊन जायला मुलाने साऱ्या इंग्लंडात हीच जागा निवडली होती.

"२०१५ च्या डिसेंबरात शेजारच्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पडला," त्याने अभिमानाने सांगितलं. "ब्रिटनचा विक्रम आहे."

"२६ जुलै २००५, सांताक्रूझ, ९४४," मी म्हणालो. "आणि तुमचा वर्षभराचा आमच्या आंबोलीच्या निम्मासुद्धा नाही."

तो गप्प झाला. पाऊस झाला नाही. आपल्याकडचा पाऊस येतो, कोसळतो, चार शिव्या खातो आणि जातो. इकडचा हळूच येऊन ओसरीवर बसतो, आणि चहा झाला तरी उठत नाही.

मी तपास सुरू केला. पहिला संशयित तासाभरात सापडला : कुकर. आदल्या रात्री हिने खिचडी लावली होती. बंद डब्यात तीन शिट्ट्यांची वाफ, वर चार माणसांचे रात्रभराचे श्वास. छताला थंड ठिकाणी ते दव धरणार आणि खाली ठिबकणार. मी हे आकृती काढून समजावलं. ही शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझ्या खिचडीमुळे इंग्लंडमध्ये पाऊस पडतो." आणि कुकर उचलून कपाटात ठेवला. दुपारी गार सँडविच मिळालं, रात्रीही गार सँडविच मिळालं. थेंब मात्र तीन वाजता आला.

सूनबाईने मार्ग काढला. स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक तिने छताला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट डकवलं, एक तुकडा शेगडीवर आणि एक माझ्या उशीवर. "बाबा, प्लास्टिक आपल्या बाजूने ओलं झालं तर ती वाफ. छताच्या बाजूने ओलं झालं तर गळती." इतका सोपा न्याय मी चार वर्षांच्या पत्रव्यवहारात पाहिला नव्हता. सकाळी निकाल लागला : शेगडीवरचा तुकडा आपल्या बाजूने ओला, उशीवरचा छताच्या बाजूने. दोन्ही पक्षांचं म्हणणं अंशतः मान्य. कुकर कपाटातून बाहेर आला आणि त्यापुढे शिट्टी होताना छतातली खिडकी बोटभर उघडी ठेवायची, असा तह झाला.

दरम्यान शेजारच्या गाडीतले एक टोपीवाले आजोबा आमची धावपळ दोन दिवस खिडकीतून पाहत होते. तिकडे न विचारता कुणी सल्ला देत नाही; त्यामुळे सल्ला अनावर झाला की ते हवेबद्दल बोलायला येतात. "छान पाऊस आहे," म्हणत ते आले आणि खिशातून एक यंत्र काढलं. ओल मोजायचं. पुढे दोन सुया. त्या भिंतीला टोचल्या की टक्के दिसतात. १५ च्या आत उत्तम, २० च्या वर संशय, ३० च्या वर आतलं लाकूड गेलं समजा. माझ्या उशीवर २४ आले. मग त्यांनी सहज म्हणून पुढे, मुलाच्या माळ्याच्या कोपऱ्यात, अस्तराखाली सुया टोचल्या. यंत्र चिरकलं.

"पस्तीस," मुलगा म्हणाला.

"पास!" ही टाळी वाजवून म्हणाली. दहावीच्या वेळी त्याचा गणितात नेमका तेवढ्यावरच निभाव लागला होता.

पण ते कोडं होतं. रोज ठिबकतं मागे, माझ्यावर; आणि कुजलंय पुढे, जिथे आजवर एक थेंब दिसला नाही. आजोबांनी मला विचारलं, "पेन्सिल आहे?" ओल्या डागाच्या कडेने पेन्सिलीने गोल काढायचा आणि आत तारीख-वेळ घालायची. डाग गोलाबाहेर गेला तर जखम वाहती, आत राहिला तर जुनी. पेन्सिल नव्हती. पण त्याबाबतीत आम्ही योग्य गावी होतो. सोळाव्या शतकात याच सीथवेटच्या वरच्या डोंगरात शुद्ध ग्राफाइटची शीर सापडली, धनगरांनी त्याने मेंढ्यांवर खुणा केल्या आणि पुढे त्याच्या पेन्सिली झाल्या. केसविक गावात तर पेन्सिलीचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन आम्ही पेन्सिल आणली. मेंढ्यांनंतर खुणा करवून घेण्याचा मान आमच्या छताला मिळाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. आकाशाची काहीतरी चूक झाली असावी. आजोबा म्हणाले, "आता पाण्याची नळी आणा." तीन दिवस ज्याच्यापासून लपत होतो तेच विकत घेतल्यासारखं आम्ही छतावर ओतू लागलो. यातही रीत आहे. वरून धो धो पाणी सोडायचं नाही. खालून सुरुवात करायची. आधी खिडकीची चौकट, मग बाजूची पट्टी, मग छताचा सांधा, आणि प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि सगळेच गुन्हेगार ठरतात. मुलगा शिडीवर. छतावर पाय द्यायचा नाही, कारण खाली पातळ ॲल्युमिनियम, त्याखाली थर्माकोल आणि लाकडाच्या पट्ट्या. मी आत, टॉर्च घेऊन.

"पाणी आलं का?" वरून आरोळी.

"नाही!"

"आता आलं का?"

"नाही आलं!"

पुण्यात वर्षानुवर्षं ही आरोळी मी ऐकली आहे. तिकडे "आलं!" म्हटलं की चाळभर आनंद होतो, बादल्या धावतात. इथे मी देवाकडे 'येऊ दे' मागत होतो की 'नको येऊ', हे माझं मलाच कळेना. शेवटी नळी छताच्या मध्यावरच्या खिडकीशी पोचली. सात मिनिटं काही नाही. मग छतात टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि खिडकीपासून दीड मीटर मागे, माझ्या उशीवर, थेंब फुगला, लोंबला, पडला.

"आलं!" मी किंचाळलो. आजूबाजूच्या चार गाड्यांतून डोकी बाहेर आली.

मग उलगडलं. भोक मधल्या खिडकीच्या चौकटीखाली होतं. पाणी तिथून आत शिरायचं आणि पत्रा नि अस्तर यांच्यामधल्या लाकडी पट्टीवरून उताराकडे चालू लागायचं. मुलाच्या घरापुढे गाडी उभी असते तिथे उतार तोंडाकडे. म्हणून आठ महिने सगळं पाणी गुपचूप माळ्याच्या भिंतीत मुरत राहिलं. इथे जागा उलट्या उताराची, तेव्हा तेच पाणी उलटं चालत माझ्या भुवईवर आलं. भोक एकच; कुजणारा एक आणि बोंबलणारा दुसरा.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "बरं झालं तुम्ही मागे झोपलात." हे कौतुक होतं की काय, यावर मी अजून विचार करतो आहे.

दुरुस्ती आजोबांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कोठारात झाली, कारण सीलंट लावायला छत कोरडं लागतं आणि बॉरोडेलमध्ये कोरडं काही हवं असेल तर ते छपराखालीच मिळतं. चौकट सोडवली तर खाली आधीच्या मालकाचे संसार दिसले. दर पावसाळ्याला एक, असे त्याने सिलिकॉनचे थर चढवले होते. सिलिकॉनवर पुढे काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. म्हणजे प्रत्येक थर आधीच्या थरावर नुसता बसला होता, चिकटला नव्हता. दोन स्क्रू गंजून गेले होते आणि त्यांच्याखालचं लाकूड चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखं बोटाने निघालं. तेवढा तुकडा कापून नवी पट्टी बसवली.

जुनं खरवडायला चार तास लागले. पत्र्याला चरा पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मग स्पिरिटने पुसायचं. ही खालून म्हणाली, "जुनं नीट काढल्याशिवाय नवं लावू नका. कढईचंही तेच आहे." मग ब्यूटाइलची पट्टी. ती पट्टी कधीच वाळत नाही, पुरणपोळीच्या सैल कणकेसारखी कायम मऊ राहते, म्हणून गाडी हलली-हिंदकळली तरी सांधा सोडत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे पिळायचे. कडेने कणीक समान बाहेर आली की बास.

बाजूच्या पट्टीला केसाएवढी एक फट होती. तिच्यासाठी आजोबांनी एक चिमुकली बाटली काढली : 'कॅप्टन टॉलीज क्रीपिंग क्रॅक क्युअर'. नावावरून मला आरमारी कादंबरी वाटली. आत दुधासारखं पातळ द्रव. फटीवर थेंब ठेवला की पाणी ज्या वाटेने शिरतं त्याच वाटेने ते आपसूक आत झिरपतं आणि तिथेच वाळून वाट बुजवतं. असं तीन-चार वेळा करायचं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे पोलिसांनंतर या कॅप्टनलाच नीट कळलेलं दिसलं.

माळ्याचं अस्तर मात्र उघडंच ठेवलं. आतलं लाकूड वाळायला कित्येक आठवडे लागतात आणि ओल कोंडून ठेवली तर कूज चालूच राहते. पुढचे चार दिवस भरपूर पाऊस झाला. माझ्या उशीवरचा पेन्सिलीचा गोल तारखेसकट जसाच्या तसा राहिला. मुलाने तो पुसला नाही.

ऑगस्टमध्ये पुण्याला परतलो. हॉलच्या कोपऱ्यातला डाग वाटच पाहत होता. ४७ वं पत्र लिहायला बसलो, लेटरहेड काढलं, आणि हाताशी केसविकची पेन्सिल आली. म्हटलं, आधी गोल काढू. पत्राला परिशिष्ट म्हणून जोडता येईल. स्टुलावर चढून गोल काढला, तारीख घातली.

दुसऱ्याच दिवशी वरची मंडळी कुलूप लावून आठ दिवस गावी गेली. मोरी बंद, नळ बंद. पाऊस चालू. तिसऱ्या दिवशी डाग गोलाबाहेर बोटभर सरकला होता, आणि सरकला होता तो वरून नव्हे, बाहेरच्या भिंतीकडून. खिडकीतून मान वाकडी करून पाहिलं. नेमकं त्या जागी डिश अँटेनाचे चार बोल्ट भिंतीत ठोकलेले आहेत. चार वर्षांपूर्वी, क्रिकेट दिसावं म्हणून, मीच उभा राहून ठोकून घेतलेले.

मुलाला फोन करून ब्यूटाइलची पट्टी मागवली आहे. वरच्यांना अजून काही बोललेलो नाही. पावसाळा संपू दे.