दर्शनी भिंत सगळ्यांची

जुनी इमारत पाडायची म्हटलं की आरडाओरडा होतो. बातमी येते, सह्या गोळा होतात, कुणीतरी कोर्टात जातं. हे व्हायलाच हवं. पण मुंबईच्या जुन्या रस्त्यांचा चेहरा हातोड्यापेक्षा ड्रिल मशीनने जास्त बिघडवला आहे. एसीचं एक आउटडोअर युनिट, एक स्लायडिंगची खिडकी, एक ग्लोसाइन बोर्ड, ऑइल पेंटचा एक डबा. प्रत्येक काम फार तर एका दुपारचं, आणि प्रत्येकाला वाटतं, माझ्या एकट्याने असा काय फरक पडणार आहे! काही वर्षांनी इमारत जागेवर असते, पण ओळखू येत नाही. ती नेमकी कधी गेली हे कुणालाच सांगता येत नाही.

नियम नाही म्हणून हे होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला आणि मुंबई वारसा जतन समिती, म्हणजे सगळे जिला हेरिटेज कमिटी म्हणतात ती, कामाला लागली. आज तोच विषय २०३४ पर्यंतच्या नियमावलीत ५२ व्या नियमात आहे. वारसा यादीतल्या श्रेणी १ च्या इमारतीला जवळजवळ हातच लावायचा नाही, श्रेणी २ मध्ये आतले बदल जपून करायचे, श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक, अशी साधारण रचना. मूळ नियमात यादीतल्या इमारतीची दुरुस्ती, फेरफार, गिलावा, अगदी रंगकामसुद्धा पालिका आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय करायचं नाही, असं लिहिलं होतं. आयुक्तांनी समितीच्या सल्ल्याने चालायचं, आणि सल्ला डावलायचाच असेल तर अपवाद म्हणून, कारणं लेखी नोंदवून. रंगकाम हा शब्द ज्याने त्या यादीत घातला त्याला हे शहर नीट कळत होतं. शहर कशाने मरतं हे त्याने ओळखलं होतं.

पण तीस वर्षांत समितीपुढे प्रामुख्याने गेल्या त्या मोठ्या फाइली. टॉवर, वाढीव मजले, पुनर्विकास. खिडकी, पाटी आणि रंग यांची फाइल तयारच होत नाही. ज्याच्या घराची खिडकी आहे त्याला परवानगी लागते हेच ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी वॉर्ड ऑफिसातल्या कुठल्या टेबलावर जायचं हे कुणी सांगत नाही.

ओव्हल मैदानावर उभे राहा आणि पश्चिमेकडे बघा. १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. मधल्या मैदानासह हा सगळा समूह, एकूण ९४ इमारती, युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला. आता पश्चिमेच्या रांगेतली कुठलीही एक इमारत निवडा आणि तिच्या छज्ज्यांकडे निरखून बघा. प्रत्येक खिडकीवर सिमेंट काँक्रीटचा पातळ छज्जा आहे आणि तो कोपऱ्यावरून न तुटता वळतो. त्याच्याखाली आडव्या पट्ट्या. बाल्कनीचा कठडा गोलाई घेतलेला, बोटीच्या डेकसारखा. त्या काळातल्या वास्तुरचनाकारांनी ऊन आणि पाऊस अडवायला छज्जा दिला आणि त्यातूनच इमारतीचा डौल साधला. उपयोग आणि सौंदर्य एकाच रेषेत बसवलं.

त्या रेषेवर आपण काय केलं? तिसऱ्या मजल्याने बाल्कनी ॲल्युमिनियम आणि काळ्या काचेने बंद केली. चौथ्याने पांढरं ग्रिल बसवलं आणि ते पुढे काढून त्यात कुंड्या ठेवल्या. दुसऱ्याने छज्ज्यावर एसीचं युनिट टाकलं. सलग धावणारी रेष तीन ठिकाणी तुटली. प्रश्न नुसत्या दिसण्याचा असता तरी मी बोललो असतो, पण तो तेवढाच नाही. युनिटसाठी जे बोल्ट मारले ते ऐंशी-नव्वद वर्षांच्या काँक्रीटमध्ये मारले. त्या भोकांतून पाणी आत जातं. जवळच समुद्र, हवेत मीठ. आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीट फोडून बाहेर येते. मग एका पावसाळ्यात छज्ज्याचा तुकडा फुटपाथवर पडतो आणि इमारत धोकादायक ठरते. आणि धोकादायक ठरलेल्या इमारतीचं मुंबईत पुढे काय होतं ते सांगायला नको.

घरात एसी नको असं मी म्हणत नाही. मे महिन्यात मुंबईत कुणी तसं म्हणूही नये. मागच्या बाजूच्या डक्टमध्ये युनिट बसवता येतं, सगळ्या मजल्यांनी मिळून एका उभ्या ओळीत जागा ठरवता येते, निथळणारं पाणी एका नळीने खाली नेता येतं. पण हे कुणीतरी आधी, साध्या मराठीत, दोन चित्रं काढून सोसायटीला सांगायला हवं. भोक पाडल्यावर पाठवलेल्या नोटिशीने भोक बुजत नाही.

सांगितलं तर लोक ऐकतात. दादाभाई नौरोजी रोड, म्हणजे जुना हॉर्नबी रोड, हा त्याचा पुरावा आहे. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींच्या तळमजल्यावर कमानींचे सलग आच्छादित पदपथ आहेत. पावसात छत्रीशिवाय, उन्हात टोपीशिवाय चालता यावं म्हणून. या कमानींवर दुकानांचे बोर्ड इतके चढले होते की कमान आहे हेच कळत नव्हतं. वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी आराखडा केला. पाट्या कुठे लावायच्या आणि केवढ्या, याची शिस्त ठरवली, आणि दुकानदारांना व तिथल्या संस्थांना त्यात सोबत घेतलं. बोर्ड कमानीच्या अंगाने बसले आणि दगडी नक्षी पुन्हा दिसू लागली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची नोंद झाली. एका रस्त्यावर जमलेलं गिरगाव, काळबादेवी, भायखळा इथे का पोहोचलं नाही? पाटी बघायला पालिकेचा माणूस येतो तो लायसन्सची फी मोजायला. ती कमानीवर बसली आहे का, हा प्रश्न त्याच्या तक्त्यात नसतो.

याबाबतीत एक मोठी संधी आपण अगदी अलीकडे वाया घालवली. राज्य सरकारने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असलीच पाहिजे आणि तिची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत, असं बंधन घातलं. निर्णय शंभर टक्के बरोबर होता. दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. शहरभर पाट्या नव्याने करायची वेळ आली. सगळं शहर एकाच वेळी पाट्या बदलतंय, असा योग पिढीत एकदा येतो. तेव्हाच एखाद्या परिपत्रकात चार ओळी लिहायच्या होत्या: वारसा परिसरात पाटी कमानीच्या वर चढणार नाही, नक्षी झाकणार नाही, मागून दिव्याने उजळलेला प्लास्टिकचा खोका चालणार नाही. देवनागरीसारखी देखणी लिपी दगडी कमानीखाली पितळी किंवा लाकडी अक्षरांत किती शोभली असती! आपण ती फ्लेक्सवर छापली. मराठीचा मान राखायचा तर मराठी पाटी देखणीही असायला हवी, असं एकाही पक्षाच्या एकाही आंदोलनात ऐकू आलं नाही.

आता खऱ्या दोषीकडे येतो. रहिवाशाला आणि दुकानदाराला बोल लावणं सोपं असतं, पण या शहरात परवानगी न विचारता सगळ्यात जास्त रंग कुणी फासला असेल तर तो सरकारी यंत्रणांनी. कुंपणच शेत खातंय. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, पोर्टलँडच्या दगडात घडवलेलं. त्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवले. ते सगळे उतरवून, दगड मोकळा करून २०१९ मध्ये कारंजं पुन्हा सुरू करावं लागलं. सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतर मोजणारे जुने मैलाचे दगड फुटपाथच्या कामांत गाडले गेले होते. ते कुण्या परक्याने गाडले नाहीत, फुटपाथच्या कंत्राटदाराने गाडले. पालिकेच्याच हेरिटेज विभागाला मग ते खणून काढावे लागले. एकाच पालिकेचा एक हात पुरतो आणि दुसरा उकरतो. मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, ज्या दिव्यांच्या रांगेला राणीचा हार म्हणतात तिचा सोन्याचा रंग गेला, लोक चिडले, तेव्हा कुठे पुन्हा पिवळसर दिवे आले. आणि जी-२० च्या वेळचं सुशोभीकरण आठवा. खांबांना दिव्यांच्या माळा, झाडांना दिव्यांच्या माळा, जिथे सपाट भिंत दिसली तिथे चित्र.

दगडावर रंग का नको, हे एकदा नीट समजून घ्या. मालाडचा पिवळसर दगड असो, कुर्ल्याचा असो की पोरबंदरचा, जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना आणि दगड पावसाळ्यात ओल घेतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती बाहेर टाकतात. भिंतीचा हा श्वास आहे. त्यावर ऑइल पेंट फासला किंवा सांध्यांत सिमेंट भरलं की वाट बंद होते. ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या आत साचतात, सुकताना फुगतात आणि दगडाचा वरचा पापुद्राच सोलून काढतात. नक्षी त्या पापुद्र्यातच असते. एका टेंडरमध्ये रंग लावायचा, दुसऱ्यात तो काढायचा, आणि दोन्ही वेळी नाकाची, पानाची, अक्षराची थोडी धार कमी करायची. पैसा दोन्ही वेळी आपला.

आणि लोकांना वारसा यादीची वाटते त्या भीतीचं काय? २०१२ मध्ये वारसा यादीत भर घालायचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्कचा परिसर होता. तिथल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांना मी दोष देणार नाही. भाडेकरू जुन्या भाड्यात, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, लिफ्ट नाही, म्हातारी माणसं तिसऱ्या मजल्यावर अडकलेली, आणि त्यांच्या कानावर आलं की आता खिळा मारायलाही सरकारला विचारावं लागेल. श्रेणी ३ मध्ये बदलाला बरीच मोकळीक असते हे त्यांना घरोघरी जाऊन कुणी समजावलं? बांधकामाच्या हक्कावर गदा आली तर मालकाला टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा, देण्याची तरतूद आहे, पण टीडीआर विकून येणारा पैसा बिल्डरला कळतो. दोन खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूच्या गळक्या छताला त्यातून काय मिळतं? १९९९ मध्ये तर श्रेणी ३ मधल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारती पुनर्विकासासाठी समितीच्या कक्षेतूनच काढल्या. म्हणजे गिरगाव-काळबादेवीच्या ज्या घरांना मदतीची आणि सल्ल्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांना फक्त पाडण्याची वाट मोकळी करून दिली. सागवानी कठडा सांभाळणाऱ्याला एक पैसा नाही, तो उपटणाऱ्याला चटईक्षेत्र. असा हिशेब मांडल्यावर कठडे कसे उरतील?

मला पाहिजे ते फार मोठं नाही. वारसा परिसर असलेल्या प्रत्येक वॉर्डात एक टेबल, त्यावर या कामाची जाण असलेला एक वास्तुरचनाकार. खिडकी, पाटी, ग्रिल, एसी, रंग एवढ्याच गोष्टी त्याने बघायच्या आणि पंधरा दिवसांत हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर मग कसं करायचं हे त्याच कागदावर लिहून द्यायचं. मोठ्या फाइली मुख्य समितीकडे जाऊ देत. ॲल्युमिनियम आणि सागवान यांच्या किमतीतला फरक मालमत्ता करातून वळता करू द्या, म्हणजे चुन्याचं काम करणारे गवंडी आणि जुने सुतारही टिकतील. चुना मळणारे हात आता शोधावे लागतात.

आणि पहिला अर्ज पालिकेचा येऊ द्या. पुढच्या वेळी कुठल्याही जुन्या पाणपोईला, पुतळ्याच्या चौथऱ्याला, कारंज्याला, बाजाराच्या कमानीला रंग द्यायचं टेंडर निघेल तेव्हा त्याला समितीच्या परवानगीचा कागद जोडलेला नसेल, तर कंत्राटदाराचं बिल मंजूर होता कामा नये. यासाठी विधिमंडळात जावं लागत नाही. आयुक्तांचं एक परिपत्रक पुरेल, आणि ते येत्या पावसाळ्याआधीच्या रंगरंगोटीपूर्वी निघालं पाहिजे.