अस्सलराव

अस्सलरावांना हॉटेल चालत नाही. हॉटेलात उतरलेल्या माणसाने प्रवास केला, हेच मुळात त्यांना मान्य नाही. ‘तीच पांढरी चादर, तोच पनीर बटर मसाला, तोच साडेदहाला बंद होणारा नाश्ता. मग घर सोडलंत कशाला?’ असं ते समोरच्याला विचारतात. समोरचा बिचारा नुकताच महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी क्रीम खाऊन खुशीत परतलेला असतो. त्याची खुशी दोन मिनिटांत उतरवून अस्सलराव म्हणतात, ‘आम्ही बाबा स्थानिकांच्या घरीच राहतो.’

असा एक तरी अस्सलराव हल्ली प्रत्येक सोसायटीत असतो. वय पंचावन्नच्या आसपास, गृहकर्ज फिटलेलं, मुलगा बाहेर शिकायला, आणि उरलेल्या आयुष्यात काहीतरी खरंखुरं बघितलं पाहिजे ही तळमळ. प्रवासाला निघताना अंगात खादीचा कुडता, पायात कोल्हापुरी आणि खांद्यावर पंचा. त्या पंच्याने त्यांनी घाम पुसलेला कोणी पाहिलेला नाही. घाम पुसायला ओले टिश्यू असतात, ते वहिनींच्या पर्समध्ये.

लडाखलाही ते गावातल्या घरात राहिले होते. तिथल्या आजीबाईंनी दिलेला लोणी-मिठाचा गुरगुर चहा ते प्यायले. कोरड्या संडासाचं शास्त्र त्यांनी मुळापासून समजावून घेतलं. पाणी वापरायचं नाही, वरून माती टाकायची आणि पुढे त्याचं शेतासाठी खत करायचं, ही पद्धत थंड वाळवंटात किती शहाणपणाची आहे, यावर ते आजही वीस मिनिटं न थांबता बोलतात. एकविसाव्या मिनिटाला वहिनी सांगतात, की हे सगळं समजल्यावर दुसऱ्याच दिवशी हे लेहच्या हॉटेलात हलले. ‘उंचीचा त्रास झाला मला,’ अस्सलराव म्हणतात. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि ते गावही जवळपास तेवढ्याच उंचीवर होतं, हा तपशील वहिनी पुरवतात.

यंदा त्यांनी वेळासला जायचं ठरवलं आणि आम्हालाही बरोबर घेतलं. बुकिंगचा फोन त्यांनी स्पीकरवर लावला होता.

‘शेणाने सारवलेली जमीन आहे ना?’

‘एका खोलीत आहे,’ पलीकडून घरच्या मुलाने सांगितलं.

‘तीच द्या. चूल?’

‘मागच्या पडवीत आहे.’

‘वा! अंघोळीला बंबाचं पाणी मिळेल?’

‘मिळेल.’

‘फारच छान. आणि हो, गीझर आहे ना? आणि संडास कमोडचाच ना? आणि तुमच्याकडे रेंज कुठली येते?’

पोरगा धंद्यात मुरलेला असावा. हसू दाबल्याचा आवाजसुद्धा त्याने येऊ दिला नाही.

ताम्हिणी उतरून, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून, वेश्वीला उतरून आम्ही वेळासला पोचलो. मंडणगड तालुक्यातलं, सावित्रीच्या मुखाजवळचं हे गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात त्याचं नाव होतंच. भूगोलात ते कासवांनी आणलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी इथल्या वाळूत एका खड्ड्यात शंभराच्या घरात अंडी घालून निघून जाते. पूर्वी ती अंडी कोल्ही-कुत्री पळवायची, माणसंही पळवायची. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ती राखायला सुरुवात केली. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला आणि शहरातून माणसांची रीघ लागली. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून लोकांनी आपापली घरं उघडली, दोन गाद्या जास्तीच्या केल्या आणि चार माणसांचा भात जास्त टाकला. अस्सलराव ज्याला संस्कृतीचा अनुभव म्हणतात, त्याची सुरुवात अशी निव्वळ अडचणीतून झाली.

घराच्या दारात पाऊल टाकताच अस्सलरावांचा चेहरा पडला. छपरावर निळा पत्रा होता.

‘काकू, कौलं का हो काढलीत?’ त्यांनी दुखऱ्या आवाजात विचारलं. काकू त्यांच्याहून चार वर्षांनी लहानच असतील. पण घरगुती राहायचं तर काकू लागतेच.

‘आम्ही नाही काढली. वाऱ्याने काढली,’ काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पत्र्याचं दुःख गिळून अस्सलरावांनी घराची तपासणी सुरू केली. ओटी ठीक होती. झोपाळा उत्तम. माजघरात फ्रीज निघाला, त्याकडे त्यांनी पाठ केली. इतक्यात स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला आणि हाक मारल्यासारखे ते आत धावले.

‘काकू, मिक्सर? अहो, वाटण पाट्यावरचं हवं! ती चव मिक्सरला नाही.’

‘खरं आहे,’ काकू म्हणाल्या. ‘पाटा तो बघा, दाराशी. खोबरं हे घ्या.’

अस्सलराव खाली बसले. त्याआधी मोबाइल वहिनींच्या हातात देऊन कुठून चित्रण करायचं, ते त्यांनी समजावून सांगितलं. पहिल्या फिरवणीत खोबरं पुढे गेलं. दुसऱ्या फिरवणीत वरवंटा पुढे गेला आणि खोबरं मागे राहिलं. तिसऱ्या वेळी करंगळी मध्ये आली. काकूंनी बोटाला हळद लावली, पाट्यावरचं खोबरं खरवडून मिक्सरच्या भांड्यात टाकलं आणि बटण दाबलं. जेवताना अस्सलराव आम्हाला सांगत होते, ‘बघा, पाट्यावरच्या वाटणाची आमटी कशी वेगळी लागते!’ काकू वाढत होत्या. त्यांनी आणखी एक पळी वाढली.

त्या जेवणात पाहण्यासारखं पुष्कळ होतं. तांदळाची मऊ भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाच्या कुयरीची भाजी, ताज्या नारळाची सोलकढी. अस्सलरावांची नजर मात्र ताटात काहीतरी शोधत होती.

‘मासे नंतर येणार का?’

‘आमच्यात करत नाहीत मासे.’

‘कोकणात राहून?’ त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, की ही बाई मुळात कोकणातली आहे की विदर्भातून आणून बसवली आहे. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजलेला नव्हता. त्याहून अस्सल त्या घरात दुसरं काय असणार? पण अस्सलरावांचं कोकण सुरमईच्या थाळीत असतं. जे घर त्या थाळीबाहेर राहतं, ते त्यांच्या लेखी बनावट.

गंमत अशी, की घरमालकांनी हे प्रकरण केव्हाच ओळखलेलं आहे. काकूंच्या मुलाने मला ओटीवर बसून सगळा हिशेब सांगितला. सारवलेल्या खोलीचं भाडं तो जास्त घेतो, कारण फरशी एकदाच बसवावी लागते आणि सारवण दर आठ दिवसांनी घालावं लागतं. कंदील त्याने मंडणगडच्या बाजारातून नवा आणला. घरातला जुना केव्हाच भंगारात गेला होता. पाहुण्यांना चुलीवरची भाकरी हवी असते, म्हणून दोन भाकऱ्या चुलीवर होतात, बाकीच्या गॅसवर. ‘आईच्या डोळ्यांत पंचवीस वर्षं धूर गेला. गॅस आला तेव्हा ती सिलिंडरला हळदकुंकू लावायची बाकी होती,’ तो म्हणाला. सारवलेली खोली दिली, की शेजारची फरशीची खोली तो मुद्दाम रिकामी ठेवतो. रात्री अकराच्या सुमाराला ती लागतेच.

त्या रात्री ती पावणेअकरालाच लागली. जमिनीवरच्या सतरंजीने अस्सलरावांच्या पाठीचे मणके एकेक करून मोजले आणि डासांनी उरलेलं काम केलं. वहिनी पहिल्यापासूनच फरशीच्या खोलीत झोपल्या होत्या.

त्याआधी, संध्याकाळी, अस्सलरावांना काकूंकडून जुन्या गोष्टी ऐकायच्या होत्या. ओटीवर कंदील लावून, रेकॉर्डिंग सुरू करून ते बसले होते. आठ वाजले आणि काकू मालिका बघायला आत गेल्या. नव्या सुनेने सासूच्या कपाटाची किल्ली चोरली होती आणि गावातली प्रत्येक बाई त्या किल्लीच्या काळजीत होती.

‘काकू, काही सांगा ना जुनं!’

‘जाहिरात लागू दे.’

जाहिरात लागायला वेळ लागला, म्हणून अस्सलराव कंटाळून रेंज शोधत अंगणाच्या टोकाला गेले. नेमकी तेव्हाच जाहिरात लागली आणि काकू बाहेर येऊन आमच्याशी बोलल्या. 3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. सकाळी वारा सुटला तेव्हा कौलं पत्त्यांसारखी उडाली. घरातली सगळी माणसं माजघरात, डोक्यावर पाट आणि परात धरून बसली. वारा पडल्यावर बाहेर येऊन बघितलं, तर आगरातल्या पोफळी एका बाजूला झोपलेल्या. सासऱ्यांनी लावलेलं झाड न्‌ झाड. कित्येक दिवस वीज नव्हती. सुपारी लावली तर धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर खायचं काय, म्हणून पाहुणे जास्त घेऊ लागलो. छपरावर पत्रा तेव्हा आला. इतकं सांगून होईस्तोवर जाहिरात संपली आणि काकू किल्लीचं काय झालं ते बघायला आत गेल्या.

अस्सलराव परत आले तेव्हा त्यांना एक दांडी रेंज मिळाली होती. ‘काय म्हणत होत्या?’ त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘काही नाही. पत्र्याचं.’

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही किनाऱ्यावर गेलो. कुंपणातल्या वाळूवर घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. कार्यकर्त्यांनी एकेक टोपली उचलून बघितली आणि दोरीमागे उभ्या असलेल्या शंभरेक माणसांना सांगितलं, ‘आज पिल्लं नाहीत.’ अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. वाळू तापलेली असेल तर थोडे कमी, गार असेल तर थोडे जास्त. तारीख कासवही सांगू शकत नाही.

‘म्हणजे काय? आम्ही पुण्याहून आलोय,’ अस्सलराव म्हणाले.

‘कासवांना कळवायचं राहिलं,’ काकूंचा मुलगा म्हणाला.

निघताना हिशेबाची वेळ आली. ओटीच्या खांबाला क्यूआर कोड चिकटवलेला होता. त्याकडे दुःखाने बघत अस्सलराव म्हणाले, ‘घरगुती म्हणता आणि एवढे?’ हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी हा माणूस तोंडातून अवाक्षर न काढता भरतो. पण इथे घराची ऊब हवी, तीही घाऊक दराने. काकूंनी शंभर कमी केले आणि वर आमसुलांची पुडी दिली. गाडीत बसल्याबसल्या अस्सलरावांनी अभिप्राय लिहिला: माणसं साधी, जेवण रुचकर, टीव्हीच्या आवाजाबद्दल एक तारा कमी.

त्या आधी मात्र एक प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि सगळ्या सहलीत मला तोच महत्त्वाचा वाटतो. ‘शिमग्याला येऊ का हो? पालखी घरोघर येते ना? ते खरं कल्चर!’

‘शिमग्याला आम्ही बुकिंग घेत नाही,’ काकू म्हणाल्या. ‘आमची माणसं येतात मुंबईहून. घरात पाय ठेवायला जागा नसते.’

फेरीबोटीवर अस्सलराव फणफणत होते. ‘बघा! खरं काही असतं तेव्हा हे लोक दार लावून घेतात.’

तेव्हा वहिनी बोलल्या. अस्सलरावांचं स्वतःचं गाव वेळासपासून दोन खाड्यांपलीकडे आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यांत यांचं एक. घर चुलतभाऊ राखतो. शिमग्यात पालखी त्या घरीही येते. चुलतभाऊ देवीची ओटी भरतो आणि गाऱ्हाणं घालताना दरवर्षी यांचं नाव घ्यायला लावतो, की पुण्याला असलेल्या लेकराला सुखी ठेव. लेकराने गेली कित्येक वर्षं तिकडे तोंड दाखवलेलं नाही. कारण तिथे गेलं की पाटावर बसवून कोणी फोटो काढत नाही. विहिरीचं पाणी काढायला लावतात, आजारी काकाजवळ बसायला लावतात आणि पंपाच्या खर्चाचा विषय काढतात. निसर्ग वादळात त्याही घराची कौलं गेली होती. चुलतभावाने वाटणीचे पैसे मागितले, तेव्हा हे ‘बघतो’ म्हणाले होते. अजून बघतायत.

अस्सलराव यावर काही बोलले नाहीत. त्यांनी खाडीतल्या होडीचा फोटो काढला.

माझं मत विचाराल तर अस्सलराव वाईट माणूस नाही. त्याला दुसऱ्याच्या घरात राहायला आवडतं, ते घर त्या माणसांचं आहे एवढंच त्याला खपत नाही. घर म्हटलं की त्यात पत्रा येतो, मिक्सर येतो, मालिका येते, आणि पाहुण्याला ‘शिमग्याला नको’ म्हणायचा हक्कही येतो. तेव्हा वाचकहो, अशा घरांत जरूर जा, तिथल्यासारखं जेवण पैसे टाकूनही शहरात मिळत नाही. फक्त ताट आपलं आपण उचला, आठ ते साडेआठमध्ये चहा मागू नका आणि शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नका. शिमग्याला मात्र आपल्या गावी जा. तिथे बुकिंग लागत नाही. कौलांचे राहिलेले पैसे तेवढे बरोबर घ्या.